चिखलांतील मोटार आणि पाणंदीचा प्रश्न

या मासिकांत बीं-बियाणें, खतें, पाटपाणी आणि गुळाचे भाव यांविषयीं लेख येतात. त्यांत एका मोटारीची हकीकत वाचून कित्येक वाचक बंधूंस नवल वाटेल. परंतु अलीकडे बागायतदारांच्या घरोघर वीस लाखांच्या मोटारीचा विषय निघूं लागला आहे, आणि तो मुलांची हौस म्हणून हंसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाहीं. आमच्या घरींहि तो निघाला. त्याचा निकाल लावण्याकरितां मीं स्वतः एक नवी मोटार २०२५ च्या ऐन श्रावणांत आमच्या पाणंदींतून चालवून पाहिली. त्यांत जें दिसलें व जें उमगलें तें समव्यवसायी बंधूंपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें गांव कृष्णाकाठीं. जमीन काळी व खोल. मुख्य पिकें ऊस आणि हळद. डांबरी सडकेपासून आमची वस्ती पाऊण मैलावर आहे व मध्यें पाणंद आहे. आदल्या वर्षींच्या आषाढांत एके रात्रीं माझ्या वडील बंधूंच्या छातींत कळ आली. रुग्णवाहिका सडकेवर येऊन उभी राहिली, पुढें येईना. शेवटीं दादांस ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत वैरणीवर निजवून सडकेपर्यंत आणावें लागलें. त्या पाऊण मैलास चाळीस मिनिटें लागलीं. ईश्वरकृपेनें दादा वांचले. पण त्या रात्रीपासून माझ्या पुतण्यानें एकच ध्यास घेतला. “तात्या, चारी चाकांनीं ओढणारी गाडी दारांत असती, तर बाबांना ट्रॉलींत घालावें लागलें नसतें,” असें तो म्हणे. या म्हणण्यास उत्तर देणें सोपें नव्हतें.

जी मोटार आम्हीं पाहिली ती मारुति सुझुकीची ग्रँड व्हिटारा. पुतण्याच्या मेहुण्यानें नुकतीच घेतलेली. ही जातच मुळीं २०२२ सालीं बाजारांत आली. तिची जुळी बहीण टोयोटाची हायरायडर हीहि त्याच सालची असून दोन्ही बेंगळुरूजवळ बिडदी येथील कारखान्यांत तयार होऊं लागल्या. लांबी ४,३४५ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचौदा फूट. इंजिन पेट्रोलचें, १,४६२ घनसेंटिमीटरचें. पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर, म्हणजे सव्वाआठ इंच उंच. हिचे प्रकार अनेक आहेत. चारी चाकांस जोर पोंचविणारी ‘ऑलग्रिप’ नांवाची योजना माइल्ड हायब्रिड इंजिनाबरोबरच मिळते. ज्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारांत विजेची मोटर एकटीहि गाडी ओढूं शकते, त्यास ती मिळत नाहीं. खरेदीदारानें ही गोष्ट आधींच ध्यानांत घ्यावी.

‘हायब्रीड’ हा शब्द आम्हां शेतकऱ्यांस नवा नाहीं. १९६४ सालीं संकरित ज्वारीचें पहिलें वाण बाहेर आलें, तेव्हांपासून खेड्यांत हायब्रीड म्हणजे ज्वारी असाच अर्थ रूढ झाला. मोटारीचा संकर मात्र निराळा आहे. येथें इंजिनास पट्ट्यानें जोडलेलें एक लहान विजेचें यंत्र असतें. वेग कमी करतांना तें वीज तयार करून छोट्याशा लिथियम बॅटरींत सांठवितें. निघतांना व वेग घेतांना तीच वीज परत देऊन इंजिनास हात देतें. आणि चौकांत गाडी थांबली कीं इंजिन बंद करून पुन्हां अलगद सुरू करतें. केवळ विजेवर ही गाडी एक पाऊलहि चालत नाहीं. जुवाच्या एका अंगास पुरा बैल आणि दुसऱ्या अंगास गोऱ्हा जुंपावा, तसा हा जोड आहे. गोऱ्हा उठावणीस थोडा रेटा देतो. नांगर ओढतो तो बैलच. २०१५ सालीं केंद्र सरकारनें विजेच्या गाड्यांबरोबर अशा गाड्यांसहि अनुदान देऊं केलें होतें. एप्रिल २०१७ पासून त्यांस यादींतून वगळलें. गोऱ्ह्याचा जोर किती, हें सरकारासहि दोन वर्षांत कळून आलें असावें.

आमच्या पाणंदींत तर या गोऱ्ह्याचा मला कांहींच उपयोग दिसला नाहीं, आणि त्याचें कारण उघड आहे. तेथें चौक नाहीं, थांबा नाहीं, आणि वेग म्हणाल तर बैलगाडीचा. वेगच नाहीं तेथें तो आवरून वीज निघणार कोठून? शहरच्या रस्त्यावर या योजनेनें पेट्रोल वांचत असेल. त्याबद्दल माझा वाद नाहीं. २०२२ सालीं निर्मात्यांनीं जाहीर केलेले आंकडे मात्र पाहण्यासारखे आहेत. हातानें गिअर बदलण्याची, दोन चाकांनीं ओढणारी माइल्ड हायब्रिड गाडी लिटरला २१.११ किलोमीटर, तीच चार चाकांची असेल तर १९.३८, आणि स्ट्राँग हायब्रिड २७.९७. म्हणजे गोऱ्ह्यानें मिळविलेलें पुष्कळसें चार चाकांच्या वजनांत खर्ची पडतें.

चारी चाकांच्या योजनेविषयीं मात्र मीं न्यायानें बोललें पाहिजे. गाडींत एक गोल कळ आहे व तिचीं चार ठिकाणें आहेत: ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक. एरवीं पुढचीं चाकें ओढतात. तीं घसरूं लागलीं कीं जोर मागच्या चाकांकडे जातो. कळ लॉकवर ठेवली असतां मागच्या चाकांस जोर सतत मिळतो, आणि जें चाक जागच्या जागीं फिरूं लागेल त्यास ब्रेक लावून दुसऱ्या अंगाच्या चाकाकडे जोर वळविला जातो. ओढ्याच्या उताराला मीं प्रथम ऑटोवरच गेलों. चढतांना पुढचें चाक फिरलें, गाडी क्षणभर अडखळली आणि मग मागून कोणी खांदा लावावा तशी वर निघाली. लॉकवर तर तो अडखळाहि जाणवला नाहीं. ओल्या गवतावर, मुरमावर, ओढ्याच्या गोट्यांवर गाडी निर्धास्त गेली. उतरतांना वेग आपोआप आवरून धरणारी कळ आहे, तिनेंहि आपलें काम चोख केलें. ज्यांचीं शेतें माळावर अथवा डोंगरउतारावर आहेत त्यांस ही गाडी नक्कीच समाधान देईल.

काळ्या जमिनीची गोष्ट वेगळी. तेथें दोन अडचणी आहेत. पहिली टायरांची. ते सडकेचे आहेत. चिकण माती खांचांत बसली कीं टायर घोटलेल्या दगडासारखे गुळगुळीत होतात, आणि मग चार चाकें ओढोत कीं दोन, चारी सारखींच घसरतात. दुसरी अडचण चाकोरीची. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनीं आमच्या पाणंदींत हातभर खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत व मध्यें वरंबा उभा राहिला आहे. एक चाक वरंब्यावर व एक कडेला ठेवून मीं बरीच वाट काढली. परंतु आमच्याच मळ्याच्या बांधापाशीं कडेस सरकण्यास जागा उरली नाहीं. गाडी चाकोरींत उतरली, पोट वरंब्यावर टेकलें आणि चाकें मोकळीं फिरूं लागलीं. हा गाडीचा दोष नव्हे. सव्वाआठ इंच उंचीच्या गाडीनें दीड फुटांच्या चाकोरींतून जावें, ही अपेक्षाच चुकीची. अशाच कामासाठीं त्याच निर्मात्यांनीं २०२३ सालीं जिम्नी आणली. तिला निराळी सांगाडी चौकट व सावकाश जोरानें ओढणारा खालचा गिअर आहे, जो ग्रँड व्हिटारास नाहीं. पण पोटाची उंची तिचीहि तेवढीच. तात्पर्य, शेवटीं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून साखळदंडानें गाडी बाहेर काढली. मेहुण्याचा चेहरा पाहवत नव्हता.

गाडी निघाली, तरी मी तेथेंच उभा राहिलों. दादांची ट्रॉली त्या रात्रीं जेथें सर्वांत जास्त वेळ अडकली, ती जागा हीच होती.

दुसऱ्या दिवशीं मीं गांवचा नकाशा उलगडला. आमची पाणंद त्यांत दुहेरी तुटक रेघेनें दाखविली आहे, म्हणजे ती गाडीमार्ग आहे. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकेरी तुटक रेघेच्या पायमार्गाची सव्वाआठ. टेप घेऊन मोजलें, तों गाडी रुतली तेथें पाणंद अवघी नऊ फूट भरली. हद्दीच्या दगडावरून पाहिलें असतां हरवलेल्या साडेसात फुटांपैकीं साडेतीन फूट समोरच्या शेजाऱ्याच्या शेतांत आणि चार फूट आमच्या बांधाखालीं निघाले. दरसाल नांगरटीच्या वेळीं बांध चार बोटें पुढें सरकवावा, हा उद्योग आमच्या वडिलांपासून चालत आला असला पाहिजे. चार फूट रुंद व सहाशें फूट लांब, म्हणजे सुमारें सव्वादोन गुंठे. एवढ्या जमिनीकरितां आम्हीं आमच्याच घरच्या माणसाची वाट अडवून ठेविली होती.

येथें मला माझ्या नोकरींतील एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती न सांगतां दुसऱ्यांस उपदेश करणें मला शोभणार नाहीं. एका तहसील कार्यालयांत मी कारकून असतांना एका शेतकऱ्याचा रस्ता मोकळा करून मिळण्याबद्दलचा अर्ज माझ्या मेजावर आला. नकाशाची नक्कल जोडलेली नव्हती. ती मागविणें माझें काम होतें. “नक्कल आली म्हणजे पाहूं” असा शेरा मारून मीं प्रकरण बाजूस ठेविलें, आणि तें चौदा महिने तसेंच राहिलें. मध्यंतरीं अवकाळी पाऊस झाला. त्या शेतकऱ्याचा तोडलेला ऊस वाहन पोंचेना म्हणून फडांतच पडून राहिला. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकें वजन घटतें, हें वाचकांस सांगावयास नको. तो गृहस्थ पुन्हां कार्यालयांत आला, तेव्हां भांडला नाहीं. “अण्णासाहेब, आतां घाई नाहीं,” एवढेंच म्हणाला. त्या वेळीं मला तें बोलणें साधें वाटलें. दादांच्या ट्रॉलीमागून कंदील घेऊन चिखलांतून चालतांना त्याचा अर्थ मला समजला.

म्हणून जाणीवपूर्वक लिहितों. कायद्याची वाट ठाऊक नसल्यानें पुष्कळांचें नुकसान होतें. वहिवाटीचा रस्ता कोणीं अडविला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ अन्वयें तहसीलदाराकडे दावा करतां येतो. पण तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत केला पाहिजे. शेतास रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३ अन्वयें शेजाऱ्याच्या बांधावरून वाट मागतां येते. या दोन कलमांची गल्लत करूं नये. चुकीच्या कलमाखालीं केलेल्या अर्जांत वर्षें जातात. अर्जासोबत गांवनकाशाची नक्कल स्वतःच जोडावी, कारकुनाच्या भरंवशावर राहूं नये. मे २०२५ मधील शासननिर्णयानें शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ या सदरांत घेण्याचें ठरविलें आहे; ती नोंद प्रत्येकानें आग्रहानें करून घ्यावी. कागदावर नसलेली वाट एका पिढीनंतर उरत नाहीं.

आतां पैशाचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जी. एस. टी. बारा टक्क्यांवरून पांच टक्के झाला. आणि चार मीटरांहून लांब अथवा १,२०० घनसेंटिमीटरांहून मोठ्या पेट्रोल-इंजिनाच्या मोटारीवर तो चाळीस टक्के ठरला. ग्रँड व्हिटारा दोन्ही कसोट्यांनीं चाळीसांत बसते. नोंदणी व विमा धरून चार चाकांच्या प्रकारास वीस लाखांच्या आसपास किंवा त्याहूनहि अधिक रक्कम लागते. ज्याचें उत्पन्न भक्कम आहे, ज्यास रोज तालुक्यास जावें लागतें आणि ज्याची वाट मुरमाड अथवा चढउताराची आहे, त्यानें स्वतःच्या पैशानें ती खुशाल घ्यावी. गाडी चांगली आहे. परंतु जमीन तारण ठेवून, पाणंदीचा चिखल जिंकण्याच्या आशेनें जो ती घेईल, तो वीस लाख देऊन त्याच चिखलांत रुतेल. शिवाय मोटार एका घरास तारील. मोकळी पाणंद पंचवीस घरांचा ऊस, शाळेंत जाणारीं मुलें आणि आजारी माणूस यांस सारखीच तारते. रुग्णवाहिकेस कांहीं चारी चाकांचा जोर नसतो. तिला रस्ताच लागतो.

हें सर्व मीं दादांपुढें मांडलें. बाप-आज्यांनीं राखलेला बांध आपल्या हातानें मागें घेणें त्यांच्या जिवावर आलें. तीन दिवस ते माझ्याशीं नीट बोलले नाहींत. चौथ्या दिवशीं सकाळीं त्यांनींच पुतण्यास हांक मारली आणि म्हणाले, “दगड कोठें आहे तो दाखव. दसरा झाला कीं बांध मागें घेऊं.” त्याप्रमाणें दसऱ्यानंतर आम्हीं चार फूट जमीन सोडली. आम्हीं सोडली हें पाहून समोरच्या शेजाऱ्यानेंहि, कांहीं कुरकुर करून कां होईना, आपले साडेतीन फूट सोडले. चाकोऱ्या बुजवून मुरूम टाकण्याचें काम लोकवर्गणीनें करण्याचें ठरलें आहे. पुतण्या म्हणतो, “तात्या, रस्ता झाल्यावर गाडी घेऊंच.” मीं त्यास सांगितलें कीं, रस्ता झाल्यावर तुला चार चाकांची गाडी लागणार नाहीं, दोन चाकांनीं ओढणारी साधी मोटार पुरेल, आणि उरलेल्या पैशांत ठिबक होईल. त्यास तें अजून पुरतें पटलेलें नाहीं.

वाचक बंधूंनो, शेजाऱ्यावर दावा लावण्याआधीं एकदां टेप घेऊन आपल्या बांधापाशीं जावें, एवढीच माझी नम्र विनंति आहे. पाणंदीचें हरवलेलें अंतर पुष्कळदां आपल्याच शेतांत सांपडतें.