गॅरेज जरूर काढा, पण निदानाची फी घ्या

पंधरा-वीस वर्षे दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काढलेल्या मेकॅनिकसमोर कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतोच: आता स्वतःचे गॅरेज काढावे का? घरचे आणि जुने गिऱ्हाईक एकच सांगतात, काम तू करतोस आणि पैसा मालक नेतो. सल्ला आपुलकीचा आहे, पण मालकाला तो पैसा नेमका कशातून मिळतो, याचा विचार त्यात नसतो. हात चांगला आहे म्हणून गॅरेज चालेलच असे नाही. अनुभवी मेकॅनिकने गॅरेज काढावे, असे माझे मत आहे. मात्र बिघाड शोधण्याच्या कामाचे पैसे उघडपणे मागायची तयारी असेल तरच.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गॅरेजांचा हिशेब मजुरीवर चालत नाही. गिऱ्हाईक घासाघीस करते ते मजुरीवरच, म्हणून ती कमी लावली जाते आणि तूट स्पेअर पार्टच्या नफ्यातून भरून काढली जाते. पुण्याच्या नाना पेठेतून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून सवलतीत आणलेला पार्ट छापील किमतीला लावला की फरक गॅरेजचा. या पद्धतीत जो जास्त पार्ट बदलतो त्याची कमाई जास्त. इंजिनाचा आवाज ऐकून, तासभर शोधून, फाटलेली एक रबरी नळी बदलून गाडी सुरळीत करणाऱ्याला मात्र जेमतेम त्या नळीचे पैसे मिळतात. म्हणजे वीस वर्षांत कमावलेले ज्ञान मालक झाल्यावर त्याच्याच उत्पन्नाच्या आड येते. मग प्रामाणिक माणूस एक तर तोट्यात जातो, नाही तर हळूहळू नको ते पार्ट बदलायला शिकतो.

नव्या गाड्यांनी या ज्ञानाची गरज कमी केलेली नाही, उलट वाढवली आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर वाहनांच्या धुराचे बीएस-6 निकष लागू झाले. त्यानंतर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला, डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारे फिल्टर आले आणि सेन्सरची संख्या वाढली. एप्रिल 2023 पासून या निकषांचा दुसरा टप्पा सुरू झाला. आता स्कॅनर लावल्याशिवाय काम सुरू होत नाही, हे खरे. पण स्कॅनर दाखवतो ती खूण, कारण नव्हे. मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे एवढे तो सांगेल. ते ऑक्सिजन सेन्सरमुळे, थकलेल्या पंपामुळे की कुठून तरी आत शिरणाऱ्या हवेमुळे, हे ठरवायला अनुभवी माणूसच लागतो. तो नसेल तर एकामागून एक पार्ट बदलले जातात आणि भुर्दंड गाडीमालकाला बसतो.

नुसते बघायचे पैसे कोण देणार, असा आक्षेप लगेच येईल. डॉक्टरची तपासणी फी आपण औषधाच्या किमतीत शोधत नाही. इथेही ती सवय लावता येते. तपासणीचे दर भिंतीवर लिहावेत, काम तिथेच केले तर ती रक्कम अंतिम बिलातून वजा करावी, अंदाजपत्रक लेखी द्यावे आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती ठेवावा. सुरुवातीला काही जण परत जातील. पण दोन ठिकाणी पार्ट बदलूनही गाडी न सुधारलेला माणूस शेवटी बिघाड शोधणाऱ्याकडेच येतो.

दुसरा आक्षेप कंपन्यांच्या मक्तेदारीचा. तो रास्त आहे. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तपासणी साधने खुल्या बाजारात न दिल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला; प्रकरण पुढे अपिलात गेले. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. पण गॅरेजवाल्याला दुरुस्तीची माहिती हक्काने मिळावी, असा बंधनकारक कायदा हवा आणि त्यासाठी गॅरेजचालकांच्या संघटनांनी आवाज उठवला पाहिजे. विजेच्या गाड्या धंदा बुडवतील ही भीती मात्र निम्मीच खरी आहे. त्यांत ऑइल बदलायचे काम नसते, पण ब्रेक, सस्पेन्शन, एसी आणि वायरिंग असतेच. बॅटरीच्या उच्च दाबाच्या जोडण्यांना प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये, एवढे पथ्य पाळले पाहिजे.

उरतो भांडवलाचा प्रश्न. मुद्रा योजनेत नव्याने कर्ज घेणाऱ्याला 10 लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायाच्या प्रकल्पखर्चाची मर्यादा 2022 मध्ये 20 लाख झाली. कर्ज मिळते म्हणून मोठी जागा घेऊ नये. हप्ता दरमहा ठरल्या तारखेला येतो, गिऱ्हाईक तसे येत नाही. भाड्याची लहान जागा, चांगला स्कॅनर, हाताखाली दोन पोरे आणि सहा महिन्यांचे भाडे व घरखर्च बाजूला, एवढ्यावर सुरुवात करावी. ज्याला उधारी मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, हिशेबाची वही लिहायचा कंटाळा येतो, त्याने चांगल्या पगारावर मुख्य मेकॅनिक म्हणून राहावे. त्यात कमीपणा काहीच नाही. बाकीच्यांनी हिंमत करावी. आणि गाडीमालकांनो, पुढच्या वेळी मेकॅनिकने तपासणीची फी मागितली तर ती कुरकुर न करता द्या आणि पक्के बिल मागून घ्या. नको असलेल्या पार्टवर होणारा खर्च त्याहून कितीतरी जास्त असतो.