यंत्र घडविणारे यंत्र आणि आपले अभियंते

कापड विणणारी यंत्रे परदेशांतून आणावीत, की ती यंत्रे घडविणारी यंत्रे आधी आपल्या देशात उभी करावीत, हा आपल्या नियोजनातील एक जुना वाद होय. 1956 साली सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने त्याचे उत्तर दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने दिले. प्रा. महालनोबीस यांच्या त्या आराखड्यातील दोष पुढे पुष्कळांनी दाखविले आणि त्यांतील बरेचसे रास्तही होते. तथापि ज्याच्या हाती यंत्र घडविण्याची विद्या नाही, त्याला यंत्राच्या किमतीविषयी आणि अटींविषयी फारसे बोलता येत नाही, हा त्यामागील मूळ विचार खोटा ठरला आहे असे म्हणता येणार नाही. हाच वाद आज संगणकाच्या क्षेत्रात नव्या वेषात उभा आहे. परंतु त्याची दखल आपल्या महाविद्यालयांनी अद्याप पुरेशी घेतलेली दिसत नाही.

संगणकासाठी माणूस जी आज्ञावली लिहितो ती यंत्राला जशीच्या तशी कळत नाही. तिचे यंत्राच्या अंकभाषेत रूपांतर करावे लागते आणि हे काम करणारी जी आज्ञावली तिला कंपायलर म्हणतात. बँकेचा हिशेब असो, रेल्वेचे आरक्षण असो वा विद्यापीठाचा निकाल असो, त्यामागील आज्ञावली कोठे ना कोठे या कारखान्यातून गेलेली असते. अर्थात कंपायलर हे संगणकविश्वातील यंत्र घडविणारे यंत्र होय. लिनक्स या प्रणालीवर सर्वाधिक रूढ असलेला जीसीसी हा कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 मध्ये प्रथम प्रसृत केला. त्याची मूळ संहिता कोणासही विनामूल्य मिळते, वाचता येते, बदलता येते. आज ती कोटीहून अधिक ओळींची झाली आहे.

असे असूनही संगणकशास्त्राच्या किती पदवीधरांनी तो मूळ संहितेपासून एकदा तरी बांधून पाहिला असेल? एका ओळीची आज्ञा दिली की तयार कंपायलर क्षणार्धात यंत्रावर येऊन बसतो. मग कोण कशाला खटाटोप करील? विद्यार्थी कंपायलरची रचना हा विषय शिकतो, व्याकरणाचे वृक्ष काढतो, प्रयोगवही भरतो, गुणही मिळवितो. परंतु ज्या कंपायलरवर तो चार वर्षे काम करतो, तो बनतो कसा हे त्याने पाहिलेले नसते.

ते पाहण्यासारखे आहे. कंपायलर हीही एक आज्ञावलीच असल्यामुळे तिचे रूपांतर करण्यास आधीचा एखादा कंपायलर लागतो. म्हणून जीसीसीची बांधणी तीन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत यंत्रावरील जुना कंपायलर नव्याला घडवितो. दुसऱ्या फेरीत हा नवा कंपायलर त्याच संहितेपासून स्वतःला पुन्हा घडवितो आणि तिसऱ्या फेरीत दुसऱ्या फेरीतील कंपायलर तेच काम परत करतो. मग दुसऱ्या व तिसऱ्या फेरीतील फलिते ताडून पाहतात. ती तंतोतंत जुळली नाहीत तर काही तरी बिघडले आहे असे समजून बांधणी थांबते. लेथवर दुसरे लेथ घडविणाऱ्या कारागिराला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. विश्रामबागेहून पुण्याकडे निघालेली गाडी ज्या किर्लोस्करवाडीवरून जाते, तेथे औंध संस्थानच्या ओसाड माळावर 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. तयार विलायती नांगर विकून दलाली मिळविणे त्यांना सोपे होते. त्यांनी नांगर ओतण्याची विद्या हस्तगत केली.

बांधणीनंतरचे काम म्हणजे वेष्टन. बांधलेला कंपायलर आपल्या एका यंत्रावर चालला म्हणजे झाले, असे नाही. त्यातील कोणती फाइल कोठे जावी, जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी यांसारखी कोणती गणिती ग्रंथालये त्याला लागतात, जुनी आवृत्ती काढून नवी कशी बसवावी, हे सारे एका कृतिपत्रात नोंदवून त्याचे पॅकेज बनवावे लागते. डेबियनचे असो वा रेड हॅटच्या पद्धतीचे, असे पॅकेज एकाने नीट केले की लाखोंचे श्रम वाचतात. अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात तिचे याहून चोख उदाहरण मिळणे कठीण. आणि सार्वजनिक वस्तूंच्या नशिबी असते ती उपेक्षाही याच्या वाट्यास आली आहे. लिहिणाऱ्याचे नाव होते, वेष्टन करणाऱ्याला कोणी विचारत नाही.

या उपेक्षेची किंमत काय असते ते 2024 च्या मार्चमध्ये दिसले. एक्सझेड नावाची, संक्षेपणाचे काम करणारी एक साधी आज्ञावली जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. तिची देखभाल मुख्यतः एकच स्वयंसेवक करीत असे. टोपणनावाने वावरणाऱ्या कोणी तरी सुमारे दोन वर्षे त्याला मदत करून त्याचा विश्वास संपादन केला आणि वितरणाच्या गठ्ठ्यात चोरदरवाजा घातला. तो चालू करणारा तुकडा सर्वांसमोर असलेल्या संहितेत नव्हता, बांधणीच्या वेळी चालणाऱ्या लिखाणात होता. आणि आपण डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीच्या पॅकेजसाठीच, तेही जीसीसीने, बांधले जात आहोत ना, याची खात्री करूनच तो जागा होई! आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे जाणवले, त्याने त्याचा माग काढला, म्हणून जग बचावले. केन थॉम्प्सन यांनी 1984 मध्येच हे भय दाखवून ठेवले होते. कंपायलरमध्येच घातलेली लबाडी त्याच्या पुढच्या प्रत्येक पिढीत आपोआप उतरते, मूळ संहितेत मात्र तिचा मागमूस राहत नाही. यावर उपायही शोधले गेले आहेत. 2023 मध्ये गिक्स या प्रकल्पाने अवघ्या 357 बाइट्सच्या बीजापासून आरंभ करून सारी प्रणाली मूळ संहितेतून बांधून दाखविली.

यावर श्रमविभागाचा आक्षेप घेतला जाईल. जे काम जगातील काही तज्ज्ञ उत्तम रीतीने करीत आहेत, ते सांगलीच्या विद्यार्थ्याने पुन्हा का करावे? रिकार्डोचा सिद्धान्त प्रस्तुत लेखक दरवर्षी वर्गात शिकवितो, तेव्हा या आक्षेपाची ताकद त्याला ठाऊक आहे. परंतु त्या सिद्धान्तात व्यापार अखंड चालेल हे गृहीत असते. 1987 मध्ये अमेरिकेने आपल्याला हवा तो क्रे महासंगणक देण्याचे नाकारले. पुढच्याच वर्षी पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि 1991 मध्ये ‘परम 8000’ उभा राहिला. ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल, तर जुलै 2025 मध्ये युरोपीय निर्बंधांचे निमित्त होऊन नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीची मायक्रोसॉफ्ट सेवा एकाएकी बंद झाली आणि कंपनीला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. सेवा पुन्हा चालू झाली हे खरे. पण मधल्या दिवसांत त्या कंपनीच्या हाती काय होते?

सगळेच स्वतः बनवावे असा याचा अर्थ नव्हे. तो आग्रह अव्यवहार्य आहे आणि आपण त्याचे परिणाम एकदा भोगलेही आहेत. गरज पडल्यास बनविता येईल अशी माणसे असावीत, एवढेच येथे अभिप्रेत आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवून हे काम केले. तेथील कार्यशाळांत जीसीसीची जुळणी आणि बांधणी हा स्वतंत्र पाठ असे; पुढे एका छोट्या कल्पित यंत्राचे वर्णन पायरीपायरीने लिहून कंपायलरला ते शिकविण्यापर्यंत विद्यार्थ्यांची मजल नेली जाई. पवईत जे जमते ते विश्रामबागेत का जमू नये? 1947 पासून अभियंते घडविणारे वालचंद महाविद्यालय येथे आहे. ते स्वायत्त असल्यामुळे अभ्यासक्रमासाठी त्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. तेथील विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्त्यांचा गटही आहे. म्हणजे उत्साहाचा तुटवडा नाही; उणीव आहे ती त्या उत्साहाला गुणपत्रिकेत जागा देण्याची.

तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत एक सलग काम असे घालावे: दोघा विद्यार्थ्यांनी मिळून कंपायलर मूळ संहितेतून बांधावा व त्याचे पॅकेज करावे, दुसऱ्या जोडीने केवळ त्यांच्या कृतिपत्रावरून ते निराळ्या यंत्रावर पुन्हा बांधावे आणि दोन्ही फलिते ताडून पाहावीत. खर्च म्हणाल तर यंत्रावर काही गिगाबाइट जागा आणि काही तासांची वीज. प्रयोगशाळेतील यंत्रे एरवी रात्री रिकामीच असतात. खरी अडचण मूल्यमापनाची आहे. पहिल्या प्रयत्नात बांधणी बहुधा अडते. एखादे ग्रंथालय सापडत नाही, कधी स्मृती अपुरी पडते. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला मात्र नीटनेटकी वही हवी असते. येथे वहीऐवजी अडखळल्याची नोंद तपासावी, कोठे अडले व कसे सुटले यालाच अर्धे गुण द्यावेत, आणि परीक्षकाने समोर बसून विद्यार्थ्याला एक ग्रंथालय काढून टाकावयास लावून पुन्हा बांधणी सुरू करावयास सांगावे.