सोसूचा ढोल

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक छोटीशी परीक्षा. घाबरू नका, मार्क नाहीत! डोळे मिटा आणि मनातल्या मनात म्हणा, ‘आफ्रिका’. काय दिसलं?

घनदाट जंगल? आयाळवाला सिंह? की वेलीला लोंबकळत आरोळी ठोकणारा टारझन? ओळखलं ना बरोबर? मलाही लहानपणी हेच दिसायचं. गावच्या वाचनालयातलं टारझनचं पुस्तक मी पानं सुटेपर्यंत वाचलं होतं. पुष्कळ वर्षांनी कळलं, की १९१२ साली टारझनला जन्म देणारे लेखक एडगर राईस बरोज हे अमेरिकेचे. आफ्रिकेत त्यांनी कधी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं! म्हणजे ज्यांनी आफ्रिका पाहिलीच नव्हती, त्यांच्या डोळ्यांनी मी आफ्रिका बघत होतो.

खरं तर त्या खंडात ५४ देश आहेत. दीड-दोन हजार भाषा आहेत. जंगलं आहेत, तशी गजबजलेली शहरंही आहेत. बाजार आहेत, गच्च भरलेल्या बसगाड्या आहेत आणि गृहपाठ विसरला म्हणून ओरडा खाणारी, तुमच्यासारखीच मुलं आहेत. मग या मुलांच्या गोष्टी कुठे असतात? ती स्वतः काय वाचतात? चला, आज तेच बघू या.

पश्चिम आफ्रिकेत नायजेरिया नावाचा देश आहे. तिथल्या न्सुका या गावी, विद्यापीठाच्या आवारात, एक मुलगी राहायची. नाव चिमामांडा न्गोझी अदिची. जन्म १९७७ चा. ही मुलगी अगदी लवकर वाचायला शिकली आणि सात वर्षांची झाल्यावर गोष्टी लिहायलाही लागली. वहीत पेन्सिलीनं लिहायची, खडूनं चित्रं काढायची आणि बिचाऱ्या आईला सगळं वाचायला लावायची. पण गोष्टी कशा? तिच्या गोष्टींतली सगळी मुलं गोरी, निळ्या डोळ्यांची. ती बर्फात खेळायची, सफरचंदं खायची आणि ‘आज ऊन पडलं, किती छान!’ असं एकमेकांना सांगायची.

आता गंमत बघा. चिमामांडाच्या गावात बर्फ कधी पडायचा नाही. ती खायची आंबे! आणि उन्हाचं कौतुक तिथे कोण करणार? पण तिनं वाचलेली पुस्तकं होती इंग्लंडची आणि अमेरिकेची. त्या पुस्तकांतली मुलं जिंजर बीअर प्यायची म्हणून हिच्या गोष्टीतलीही तेच प्यायची. जिंजर बीअर म्हणजे काय, ते मात्र हिला ठाऊक नव्हतं!

हसू नका हं. आमच्या वाचनालयाच्या कथास्पर्धेला येणाऱ्या गोष्टी मी दरवर्षी वाचतो. ऐन दुष्काळी तालुक्यातल्या मुलानं लिहिलेल्या गोष्टीत जॅक नावाचा मुलगा बर्फातून घसरत येतो आणि शेकोटीपाशी बसून केक खातो. मी विचारलं, “अरे, तुझ्या गावची गोष्ट का नाही लिहिलीस?” तो म्हणाला, “आमच्या गावात गोष्टीसारखं काही नसतंच.”

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं आहे. चिमामांडालाही तेच वाटायचं. आपल्यासारखी, काळ्या रंगाची, कुरळ्या केसांची माणसं पुस्तकात असूच शकत नाहीत, अशी तिची समजूत होती. पुढे तिच्या हाती आफ्रिकेतल्या लेखकांची पुस्तकं पडली, तेव्हा कुठे तिला कळलं की आपणही गोष्टीत असू शकतो. आज ती जगप्रसिद्ध लेखिका आहे. २००९ साली एका भाषणात तिनं स्वतःच ही हकिकत सांगितली. एखाद्या देशाची एकच गोष्ट सतत ऐकत राहिलं, तर तो देश आपल्याला कधीच कळत नाही, असं तिचं म्हणणं.

ज्यांच्या पुस्तकांनी चिमामांडाचे डोळे उघडले, त्यांच्यात एक होते चिनुआ अचेबे. योगायोग असा, की न्सुकाच्या ज्या घरात ती वाढली, त्याच घरात तिच्या आधी अचेबे राहून गेले होते!

अचेबे (१९३० ते २०१३) हे नायजेरियाचे फार मोठे कादंबरीकार. पण ते मुलांसाठी लिहायला कसे लागले, ते ऐका. त्यांची थोरली मुलगी लहान होती. दुकानात परदेशी चित्रांची पुस्तकं मिळायची. गुळगुळीत कागद, झकास रंग. आईबाबांनी हौसेनं आणली. एकदा बाबा स्वतः वाचायला बसले आणि थक्कच झाले! गोष्ट अशी: एका गोऱ्या मुलाचा पतंग विमानाच्या शेपटीत अडकून थेट आफ्रिकेत येतो आणि नारळाच्या झाडावर पडतो. झाडावर चढलेला काळा मुलगा तो पाहून घाबरतो आणि खाली कोसळतो. मग गावाचा मांत्रिक ढोल बडवत येतो, पतंग मिरवत नेतो आणि सगळा गाव त्या पतंगाची पूजा करू लागतो!

आता सांगा, ही गोष्ट रोज झोपताना ऐकणाऱ्या नायजेरियाच्या मुलीला स्वतःच्या माणसांबद्दल काय वाटेल? आपली माणसं म्हणजे अडाणी आणि भित्री, असंच ना?

त्याच सुमाराला अचेबे यांचे मित्र, कवी ख्रिस्तोफर ओकिग्बो, त्यांच्या मागे लागले, ‘मुलांसाठी एक पुस्तक लिहाच.’ अचेबे यांनी लिहिलं. १९६६ साली ते छापून आलं. त्याचं नाव ‘चिके अँड द रिव्हर’, म्हणजे चिके आणि नदी.

चिके अकरा वर्षांचा. आपलं खेडं सोडून तो ओनित्शा या मोठ्या बाजारपेठेच्या गावी काकाकडे येतो. गावाला लागून अफाट नायजर नदी वाहते. पलीकडच्या काठावर असाबा हे गाव. फेरीबोटीनं तिकडे जायचंच, हा ध्यास चिकेनं घेतलेला. तिकीट जायला सहा पेनी, यायला सहा पेनी. म्हणजे एक अख्खा शिलिंग! खिशात दमडी नाही आणि काका कडक. मग हा पठ्ठ्या शिलिंग कसा मिळवतो, पलीकडे जातो तेव्हा चोरांशी त्याची गाठ कशी पडते, ते मी सांगणार नाही. पुस्तक इंग्रजीत आहे. सातवी-आठवीतल्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून वाचावं. भाषा सोपी आहे.

आणि आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. घाना या देशाचे मेशॅक असारे गोष्टही स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात. त्यांचं ‘सोसूज कॉल’ म्हणजे सोसूची हाक हे पुस्तक १९९७ सालचं.

सोसूचं गाव चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं. पुढे समुद्र, मागे खाऱ्या पाण्याचं मोठं तळं. सोसूला चालता येत नाही. बाकीची मुलं शाळेत जातात, हा घरात. सोबतीला त्याचा कुत्रा. वडील एकदा त्याला होडीतून मासे धरायला घेऊन जातात, तर गावची माणसं म्हणतात, ‘असल्या मुलाला इकडे आणू नका. पाण्याचा देव कोपेल.’ वडील गप्प. त्या दिवसापासून सोसूनं अंगणाबाहेर जाणंही बंद.

मग एक दिवस येतो. मोठी माणसं कामावर, मुलं शाळेत. गावात उरलेत म्हातारे, आजारी माणसं आणि तान्ही बाळं. आणि सोसू. अचानक वादळ उठतं. समुद्र खवळतो. लाटा गावात शिरू लागतात. हाक मारावी, तर वाऱ्यापुढे आवाज पोचणार कसा? सोसूला आठवतो गावाचा मोठा ढोल. पण तो ठेवलाय दूर. सोसू जमिनीवरून सरपटत निघतो. पाऊस, चिखल, अंगावर येणारं पाणी. कुत्रा पुढे, हा मागे. पोचतो, आणि जीव खाऊन ढोल बडवायला लागतो. लांबवर गेलेल्या लोकांच्या कानी तो आवाज पडतो. सगळे धावत सुटतात, आणि गाव वाचतं.

पुढे गाव सोसूला चाकांची खुर्ची देतं आणि तो शाळेत जायला लागतो. या पुस्तकाला १९९९ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

गेल्या मे महिन्यात आमच्या वाचनालयात मी ही गोष्ट मुलांना वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. मी पुस्तक मिटणार, तेवढ्यात पाचवीतल्या एका मुलीनं हात वर केला. “काका, सोसूनं ढोल वाजवला नसता, तर त्याला खुर्ची दिली असती का हो त्यांनी?”

मी गप्प झालो. खरंच, दिली असती? आणि गाव वाचवलं नाही, तरी शाळेत जायचा हक्क त्याला होताच की! हा प्रश्न मी तुमच्यासमोर ठेवतो. आपल्या वर्गात, आपल्या गल्लीत असा कुणी सोसू आहे का, तेही बघा. त्यानं ढोल वाजवण्याची वाट बघू नका.

“पण काका, ही पुस्तकं आम्हाला मिळणार कुठे?” रास्त प्रश्न! दक्षिण आफ्रिकेतल्या ‘साइडे’ या संस्थेनं २०१४ साली ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ नावाचा खजिना इंटरनेटवर खुला केला. आफ्रिकेत पुष्कळ मुलांची अडचण अशी, की घरी एक भाषा आणि शाळेच्या पुस्तकात इंग्रजी नाहीतर फ्रेंच. स्वतःच्या भाषेत गोष्टीचं पुस्तकच नाही! म्हणून केनिया, युगांडा, लेसोथो, दक्षिण आफ्रिका अशा देशांतून गोष्टी जमवल्या. पानावर एक चित्र आणि दोन-चार ओळी. आता त्या शंभराहून जास्त भाषांत आहेत. अट एकच: मूळ लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव द्यायचं. मग कुणीही त्या वाचाव्यात, छापाव्यात, आपल्या भाषेत आणाव्यात. आपल्याकडे बंगळूरच्या ‘प्रथम बुक्स’नं २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हा असाच खजिना उघडला. आफ्रिकेच्या त्या गोष्टी तिथेही आल्या, आणि तिथे तुम्हाला मराठी गोष्टीही वाचायला मिळतील.

आईबाबा, आता दोन शब्द तुमच्यासाठी. २०१२ साली दक्षिण आफ्रिकेत ‘नलिबाली’ ही चळवळ सुरू झाली. खोसा भाषेत याचा अर्थ ‘ही घ्या गोष्ट’. वर्तमानपत्राच्या पुरवणीत गोष्ट छापायची, ती कापून, घडी घालून घरच्या घरी पुस्तक करायचं आणि मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. परीक्षेसाठी नाही, मजेसाठी! आपल्या घरात हे का जमू नये? जेवणं झाल्यावर टीव्ही आणि मोबाईल पंधरा मिनिटं बंद ठेवा. मूल वाचायला शिकलं असलं, तरी तुम्ही वाचून दाखवा. आणि दुकानात चित्रांचं पुस्तक घेताना अचेबे यांचा पतंग आठवा. आधी स्वतः वाचा, मगच मुलांच्या हाती द्या.

आणि दोस्तांनो, तुमचा गृहपाठ. ज्या गावात ‘गोष्टीसारखं काही नसतंच’, त्या तुमच्या गावची एक गोष्ट लिहा. बर्फ नको, जॅक नको. तुमचा एस.टी. स्टँड, तुमची विहीर, तुमची आजी, तुमचे आंबे. पाठवा आमच्याकडे. निवडक गोष्टी या पानावर छापू.

जाता जाता एक गंमत. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली भाषेत गोष्ट सांगणारा आधी ओरडतो, “पाउक्वा!” ऐकणाऱ्यांनी एका सुरात उत्तर द्यायचं, “पाकावा!” उत्तर जोरात आलं, म्हणजे मंडळी जागी आहेत. मगच गोष्ट सुरू! आज रात्री घरी करून बघा. आजीलासुद्धा शिकवा.

तर मग, पुढच्या अंकात भेटू. तयार आहात ना?

पाउक्वा!

तुमचा,
पुस्तककाका