बापासाठी मुलाची साक्ष

हजरत अली खलिफा असतानाची एक गोष्ट आपल्याकडे मदरशांत आणि जुम्म्याच्या बयानांत नेहमी सांगितली जाते. त्यांचे हरवलेले चिलखत एका यहुदी माणसाकडे सापडले. खलिफांनी ते हिसकावून घेतले नाही, ते काझी शुरैह यांच्याकडे दाद मागायला गेले. काझींनी साक्षीदार मागितले. अलींनी मुलगा हसन यांना पुढे केले. काझी म्हणाले, बापाच्या बाजूने मुलाची साक्ष मला चालणार नाही. हसन खोटे बोलतील असे काझींना वाटत नव्हते, पण नियम तो नियम. खलिफा खटला हरले.

ही गोष्ट आपण इन्साफचा नमुना म्हणून सांगतो आणि पुढे जातो. तिच्यातला कारभाराचा धडा मात्र फारसा कोणी काढत नाही. काझी खलिफांच्याच अखत्यारीत काम करत होता, म्हणजे आजच्या भाषेत सरकारी नोकर होता. तरीही तो खलिफांच्या विरुद्ध निकाल देऊ शकला. म्हणजे न्याय करणारा माणूस सरकारबाहेरचाच असला पाहिजे असे नाही. सरकारात राहूनही सरकारला ‘नाही’ म्हणता येईल अशी जागा त्याला मिळाली पाहिजे. मला हा धडा आज आपल्या विमानांच्या बाबतीत आठवतो आहे.

विमान आकाशात गेले की वैमानिक एकटा नसतो. जमिनीवर बसलेला हवाई वाहतूक नियंत्रक त्याला उंची, दिशा, वेग सांगत असतो. कोणी आधी उतरायचे, कोणी थांबायचे, कोणी धावपट्टी ओलांडायची, हे तो ठरवतो. आपल्या देशात नागरी वाहतुकीसाठी हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरण करते. १९९५ साली स्थापन झालेली ही सरकारी संस्था आहे. नियंत्रक तिचे नोकर, रडार तिचे, आणि विमान कंपन्यांकडून मार्गदर्शनाचे शुल्क घेणारीही तीच. या प्राधिकरणाचे काम सुरक्षित आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची. अपघात झाला तर तपास करायला विमान अपघात तपास ब्यूरो आहे. कागदावर तीन वेगळ्या संस्था. पण तिघींच्या वर एकच मंत्रालय, एकच मंत्री, एकच सचिव. सेवा देणारा, तपासणारा आणि चूक शोधणारा एकाच बापाची लेकरे. काझी शुरैह यांनी यांतल्या कोणाची साक्ष घेतली असती?

यात कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचा हेतू नाही. हसन यांच्यावरही कोणी शंका घेतली नव्हती.

आपल्या देशाने या क्षेत्रात सर्वांत मोठी किंमत १२ नोव्हेंबर १९९६ रोजी मोजली. दिल्लीहून सौदी एअरलाइन्सचे विमान निघाले होते आणि कझाकस्तानचे विमान दिल्लीला उतरायला येत होते. हरियाणातल्या चरखी दादरीच्या वर दोन्ही एकमेकांवर आदळली. ३४९ माणसे गेली, एकही वाचले नाही. सौदीच्या विमानात पोटापाण्यासाठी आखाताकडे निघालेले कितीतरी भारतीय होते. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या ज्या घरांतून माणूस सौदीला गेला आहे, त्यांना या ओळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत ठपका कझाक विमानाच्या चालकदलावर आला. १५ हजार फुटांवर राहण्याची सूचना असताना ते खाली आले होते. सौदीचे विमान १४ हजारांवर होते. पण या चुकीला अडवायला वाटेत काय होते? त्या काळी दिल्लीच्या आसपासचे बरेच आकाश हवाई दलासाठी राखीव होते. त्यामुळे येणारी आणि जाणारी नागरी विमाने एकाच मार्गिकेतून समोरासमोर जात. विमानाची उंची पडद्यावर आपोआप दाखवणारे दुय्यम रडार वापरात आलेले नव्हते. वैमानिक सांगेल ती उंची नियंत्रकाने खरी मानायची. अपघातानंतर मार्गिका वेगळ्या झाल्या आणि विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. म्हणजे उपाय माहीत होते. ‘हे धोक्याचे आहे, बदला, नाहीतर मी वाहतूक कमी करायला लावीन’ असे अपघाताच्या आधी ठणकावणारे कोणी नव्हते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे समजू नका. २९ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ, उतरणारे प्रवासी विमान आणि लष्कराचे हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळून ६७ जण गेले. अमेरिकेत नियंत्रक एफएए या सरकारी संस्थेचे नोकर आहेत आणि सुरक्षेचे नियमही एफएएच करते. अपघाताचा तपास करणारे मंडळ मात्र १९७५ पासून परिवहन खात्यातून पूर्णपणे बाहेर काढलेले आहे. या मंडळाने दीड महिन्यात जे सांगितले ते वाचून माणूस सुन्न होतो. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या. त्यातल्या ८५ वेळा तर उंचीतले अंतर २०० फुटांपेक्षाही कमी होते. ही माहिती तपास मंडळाने अपघातानंतर नव्याने गोळा केली नव्हती. ती आधीपासून एफएएच्या दप्तरात पडून होती. जी संस्था विमानांची ये-जा सुरळीत ठेवण्यात गुंतली होती, तिच्याकडूनच आपण धोक्याची घंटा वाजवण्याची अपेक्षा करत होतो.

तिसरे उदाहरण युरोपातले. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर दोन विमाने धडकली. ७१ जण गेले. त्यात बश्कोर्तोस्तानातून सहलीला निघालेली शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती. तिथले आकाश स्वित्झर्लंडची स्कायगाइड ही कंपनी सांभाळत होती. त्या रात्री दोन जागांचे काम एकच नियंत्रक करत होता, कारण दुसरा विश्रांतीला गेला होता. रात्री असे करण्याचा तिथे रिवाजच पडला होता आणि व्यवस्थापनाला तो माहीत होता. दुरुस्तीसाठी मुख्य फोन बंद होते, त्यामुळे शेजारच्या केंद्रातल्या नियंत्रकाला धोका दिसत असूनही इशारा देता आला नाही. पुढे २००७ मध्ये स्विस न्यायालयाने कंपनीच्या व्यवस्थापकांना दोषी ठरवले, रात्रपाळीत एकट्या पडलेल्या त्या नियंत्रकाला नाही. २००४ मध्ये युरोपीय संघाने नियम केला की प्रत्येक देशाची देखरेख करणारी संस्था ही नियंत्रण सेवा देणाऱ्या संस्थेपासून, निदान कामकाजाच्या पातळीवर तरी, स्वतंत्र असलीच पाहिजे.

आता घरी येऊ. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळावर विमानांचे उड्डाण-आराखडे नियंत्रकांपर्यंत पोचवणारी संदेश यंत्रणा बंद पडली. नियंत्रकांनी हाताने काम करून वाहतूक चालू ठेवली. आठशेच्या वर विमाने रखडली. कोणाच्या जिवावर बेतले नाही, अल्लाहचे शुक्र. पण त्याच वर्षी जुलैमध्ये नियंत्रकांच्या संघटनेने दिल्ली-मुंबईच्या यंत्रणा मागे पडल्याचे खासदारांना पत्राने कळवले होते. बंद पडलेली यंत्रणा नेमकी त्याच तक्रारीतली होती का, हा तपशिलाचा मुद्दा झाला. मला खटकते ते हे की, रडारसमोर बसणाऱ्या माणसाला आपली काळजी सांगायला खासदारांचे दार ठोठवावे लागले. तपासणीसाचे दार त्याला का आठवले नाही?

कारण त्या दारामागेही माणसे पुरेशी नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने विमान सुरक्षेवर अहवाल दिला. डीजीसीएतल्या मंजूर जागांपैकी जवळपास निम्म्या रिकाम्या असल्याचे त्यात नोंदवले, नियंत्रकांच्या थकव्याबद्दल चिंता व्यक्त केली आणि डीजीसीएला अधिक स्वायत्तता द्यावी असे सुचवले. २०१४ मध्ये अमेरिकेने भारताचा सुरक्षा दर्जा खाली आणला होता, तेव्हाही पुरेसे तपासनीस नसणे हे एक कारण होते. वर्षभराने दर्जा परत मिळाला. अकरा वर्षांनी तेच दुखणे परत संसदेच्या अहवालात आले.

मधल्या काळात संधी आली नव्हती असे नाही. २०१३ मध्ये डीजीसीएच्या जागी आर्थिक स्वायत्तता असलेले नागरी विमान प्राधिकरण आणणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले. लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही बुडाले. २०२४ मध्ये ९० वर्षांचा जुना कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम आला. डीजीसीएला कायद्याने आधार आहे, ही चांगली गोष्ट. पण त्याच कायद्यात केंद्र सरकारला तिच्यावर देखरेखीचा आणि तिच्या आदेशांचा फेरविचार करण्याचा अधिकार आहे. काझी आहे, पण निकाल बदलण्याचा हक्क खलिफांकडे!

काही जण म्हणतील, मग हे काम खासगी कंपनीकडे द्या. मी त्याच्या विरुद्ध आहे. आकाशाची सुरक्षा ही जनतेची अमानत आहे आणि तिची राखण सरकारनेच केली पाहिजे. आपल्या इतिहासात बाजारातली वजने-मापे तपासायला मोहतसिब असे. तो हुकूमतीचाच माणूस, पण तराजू धरणारा वेगळा आणि तराजू तपासणारा वेगळा, ही त्या पदाची जान होती. दुकानदारांच्या पंचायतीने मोहतसिब नेमला असता तर मापात पाप करणाऱ्यांची चांदी झाली असती.

दुसरे म्हणतील, एवढ्या संस्था वेगळ्या करून काय होणार, माणसे तीच. मी शिक्षक आहे, माझ्याकडे याचे साधे उत्तर आहे. दहावीला भाषा विषयात २० गुण शाळेच्या हाती असतात आणि ८० गुणांचा पेपर बोर्डाकडे जातो. दोन्ही ठिकाणी तपासणारे शिक्षकच, बीएड झालेले, सरकारी पगार घेणारे. पण शाळेच्या २० गुणांत मागे पडलेला विद्यार्थी शोधून सापडत नाही आणि ८० गुणांत खरे चित्र दिसते. कारण ज्याची उत्तरपत्रिका तपासतो त्याच्या शाळेच्या निकालाशी त्या शिक्षकाचे काही देणेघेणे नसते.

मुंबईत ८ जून २०२४ रोजी एअर इंडियाचे विमान उडत असतानाच त्याच धावपट्टीवर इंडिगोचे विमान उतरले. डीजीसीएने त्या नियंत्रकाला कामावरून बाजूला केले. चौकशी होईपर्यंत ते ठीकही असेल. पण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तिच्यावर देशातला सर्वांत मोठ्या ताणांपैकी एक ताण असतो. ‘एका धावपट्टीवर तासाला एवढी विमाने घेऊ नका’ असे प्राधिकरणाला आणि मंत्रालयाला तोंडावर सांगणे हे नियंत्रकाला हटवण्यापेक्षा फार कठीण आहे. स्वतंत्र तपासणीसाची खरी परीक्षा तिथे आहे. पुण्याच्या लोहगावात नियंत्रण हवाई दलाकडे आहे आणि गोव्याच्या दाभोळीत नौदलाकडे. तिथून रोज हजारो नागरी प्रवासी जातात-येतात. त्यांच्यासाठी तपासणीसाचा हात किती लांब पोचतो, याचे उत्तर वॉशिंग्टननंतर तरी स्पष्ट शब्दांत मिळायला हवे.

मागण्या साध्या आहेत. तपासणी संस्थेच्या प्रमुखाला ठरावीक मुदत द्या आणि मंत्रालयाच्या मर्जीने त्याला हटवता येणार नाही अशी तरतूद करा. तिचा पैसा थेट शुल्कातून येऊ द्या, मंत्रालयापुढे हात पसरायला लावू नका. रिकाम्या जागा भरा, आणि त्यात रडारसमोर बसलेला अनुभवी माणूस असू द्या. नियंत्रण कक्षांच्या तपासणीचे अहवाल लोकांसमोर ठेवा. नियंत्रकाने चूक किंवा धोका स्वतःहून कळवला तर त्याला शिक्षा न होता ऐकून घेणारी जागा करा. आणि अपघाताचा तपास करणारा ब्यूरो मंत्रालयाबाहेर काढून संसदेला उत्तरदायी करा.

आपल्या समाजात विमान म्हणजे अजूनही मुख्यतः दोन गोष्टी: हज-उमरा आणि आखातातली नोकरी. हजचे दर वाढले, जागा कमी झाल्या, की आपण निवेदने देतो, खासदारांना भेटतो. ते करायलाच हवे. पण विमानतळाच्या दारात माणसाला ‘अल्लाह हाफिज’ म्हणून निरोप देताना त्याच्या विमानाला वाट दाखवणाऱ्याची तपासणी कोण करतो, हाही आपला प्रश्न आहे. तवक्कुलच्या आधी उंटाला दोर बांधायची शिकवण आपल्याला आहे. पुढच्या वेळी खासदाराकडे निवेदन घेऊन जाल तेव्हा त्यात ही एक ओळ जरूर घाला.