अंकाराने शिकलेला धडा

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आले होते. तडजोड झाली, जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्या तडजोडीतली एक अट मात्र गुप्त राहिली. तुर्कस्तानात तैनात असलेली १५ ‘ज्युपिटर’ क्षेपणास्त्रे अमेरिका काढून घेणार होती. २७ ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकी अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना तसा शब्द दिला, तोही अंकाराला न विचारता. पुढच्या एप्रिलपर्यंत क्षेपणास्त्रे हललीसुद्धा. ती कालबाह्य झाली आहेत, एवढेच तुर्कांना सांगण्यात आले.

दोन वर्षांत सायप्रस ग्रीक-तुर्क संघर्षाने पेटले. सायप्रसमध्ये सैन्य उतरवल्याने रशिया तुमच्यावर चालून आला, तर नाटो मदतीला येईलच असे गृहीत धरू नका, असे अमेरिकी अध्यक्ष जॉन्सन यांनी जून १९६४ मध्ये तुर्की पंतप्रधान इस्मेत इनोनू यांना पत्राने बजावले. १९७४ मध्ये तुर्कस्तानने सैन्य उतरवलेच. त्यावर अमेरिकी काँग्रेसने शस्त्रपुरवठा रोखला, तर अंकाराने अमेरिकी तळांचे काम थांबवले. पुढे इराणच्या शहांची सत्ता कोसळली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि मार्च १९८० मध्ये दोघांत नवा संरक्षण करार झाला. मैत्रीची किंमत दर वेळी संकटाने ठरवली, हे तुर्कांनी नीट ध्यानात ठेवले.

म्हणूनच १ मार्च २००३ रोजी इराक युद्धाच्या उत्तर आघाडीसाठी अमेरिकी सैन्याला वाट देण्याचा ठराव तुर्की संसदेत पडला. बाजूने २६४, विरोधात २५० मते होती, पण आवश्यक बहुमत भरले नाही. सीरियात अमेरिकेने तुर्कस्तान ज्यांना शत्रू मानतो त्या कुर्द लढवय्यांना शस्त्रे दिली, तेव्हा उरलासुरला विश्वासही गेला. २०१९ मध्ये रशियन एस-४०० हवाई संरक्षण प्रणाली अंकारात उतरली आणि त्यामुळे तुर्कस्तान अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमान प्रकल्पातून बाहेर फेकला गेला.

युक्रेन युद्धाने फासे पुन्हा उलटे पडले. स्वीडनचा नाटोप्रवेश तुर्कस्तानने दीड वर्षाहून अधिक काळ अडवून धरला. जानेवारी २०२४ मध्ये तुर्की संसदेने मान्यता दिली आणि काही दिवसांतच वॉशिंग्टनने एफ-१६ विमानांच्या विक्रीला हिरवा कंदील दाखवला.

भारताकडेही एस-४०० आहे आणि त्यावरून अमेरिकेने आजवर निर्बंध लादलेले नाहीत. ही सवलत चीनच्या धास्तीतून आलेली आहे. दिल्लीने तिला मैत्री समजू नये आणि संरक्षणखरेदीचे दरवाजे एकाच घराकडे उघडे ठेवू नयेत.