आम्हाला विविधता नको, प्रतिनिधित्व हवे!

विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत हल्ली एक गोड शब्द वारंवार दिसतो: विविधता. जोडीला समावेशन. बड्या खाजगी विद्यापीठांत 'डायव्हर्सिटी अँड इन्क्लुजन'च्या नावाने कार्यशाळा होतात, पोस्टर लागतात, सत्कार होतात. आपल्यातलेही काही शिकलेसवरलेले मित्र आता 'आरक्षण' म्हणायला कचरतात आणि 'डायव्हर्सिटी' म्हणून मोकळे होतात. आमचे स्पष्ट मत आहे की हा शब्दबदल निरुपद्रवी नाही. शब्द बदलला की दावा बदलतो आणि दावा बदलला की हक्क हातचा जातो.

संविधानाने कोणता शब्द वापरला ते पाहा. कलम १६(४) विचारते की राज्याच्या सेवांमध्ये मागासवर्गांना पुरेसे प्रतिनिधित्व आहे की नाही. या शब्दामागे मोठा संघर्ष आहे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी हीच बाजू लावून धरली होती की अस्पृश्यांचे प्रश्न अस्पृश्यांचेच प्रतिनिधी मांडू शकतात. प्रतिनिधित्व म्हणजे निर्णयातला वाटा. विविधता म्हणजे फोटोत किती तऱ्हेचे चेहरे दिसतात त्याची मोजदाद. वाटा मागणारा हक्कदार असतो. शोभेसाठी बोलावलेला पाहुणा असतो, आणि पाहुण्याला यजमान केव्हाही निरोप देऊ शकतो.

हे पटत नसेल तर ज्या देशातून हा शब्द आला त्या अमेरिकेकडे बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा वंचित अल्पसंख्याकांसाठी राखीव होत्या. १९७८ च्या बाकी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या. न्यायमूर्ती पॉवेल यांनी समाजाने पिढ्यानपिढ्या केलेल्या अन्यायाची भरपाई हे कारण नाकारले आणि एकच वाट उघडी ठेवली: वर्गात विविधता असेल तर सगळ्यांचे शिक्षण चांगले होते. थर्गूड मार्शल या कृष्णवर्णीय न्यायमूर्तींनी गुलामगिरीचा सगळा इतिहास समोर ठेवला, पण ते अल्पमतात राहिले. पुढची ४५ वर्षे कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा प्रवेश 'याच्यामुळे इतरांना काय फायदा' या प्रश्नावर टांगलेला राहिला. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की विविधतेचे हे फायदे मोजता येण्याजोगे नाहीत, आणि प्रवेशात वंशाचा विचार करण्याची ती पद्धत बंद झाली. पायाच दुसऱ्यांच्या फायद्याचा घातला होता. घर कोसळायला वेळ लागला नाही.

आता आपल्याकडे या. विविधतेचे गोडवे गाणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे: निवड समितीत कोण बसते? यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला आणि दिव्यांग या सहा घटकांसाठी मिळून समितीत एका तज्ज्ञाची तरतूद आहे. सहा समाजघटक, खुर्ची एक! त्या समितीतून मग शेरा येतो, 'योग्य उमेदवार मिळाला नाही'. नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली आपली मुले तासिका तत्त्वावर राबत असतात, आणि राखीव जागेला मात्र उमेदवार मिळत नाही! जानेवारी २०२४ मध्ये तर अशा रिक्त जागा अनारक्षित करण्याची वाट दाखवणारा यूजीसीचा मसुदा चर्चेत आला. ओरड झाली, तेव्हा सरकारला खुलासा करावा लागला.

तेरा बिंदूंच्या बिंदुनामावलीचा डावही विसरू नका. ५ मार्च २०१८ च्या यूजीसीच्या पत्राने विद्यापीठाऐवजी विभाग हा एकक धरला. त्या हिशेबात ओबीसीला चौथी जागा, अनुसूचित जातीला सातवी आणि जमातीला चौदावी. ज्या विभागात पाचच प्राध्यापक, तिथे दलित-आदिवासीचा नंबर कधी लागणार? आरक्षणाचा एकही टक्का कमी न करता आरक्षण संपवण्याची ही युक्ती होती. ती २०१९ च्या कायद्याने मोडली, कारण लोक रस्त्यावर उतरले. कोणत्याही विद्यापीठाचा विविधता कक्ष त्या रस्त्यावर नव्हता.

खाजगी विद्यापीठांचे ढोंग तर उघडे आहे. कलम १५(५) खाजगी संस्थांतही आरक्षणाची मुभा देते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. तरीही २००६ चा केंद्रीय कायदा केंद्रीय संस्थांपुरताच आहे. खाजगी विद्यापीठांसाठी संसदेने कायदा केला नाही. जिथे कायदा नाही तिथे विविधतेचे पोस्टर लावणे स्वस्त पडते.

कुणी म्हणेल, विविधतेच्या भाषेत स्त्रिया, दिव्यांग, तृतीयपंथी सगळे येतात, तुम्ही एकटेच का भांडता? हे सगळे आमचे सोबती आहेत. पण दिव्यांगांना उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा मिळाल्या त्या २०१६ च्या कायद्याने. कार्यशाळेने त्या दिल्या नसत्या.

आणि समावेशन? रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये. भेदभाव रोखण्याचे यूजीसीचे नियम २०१२ पासून कागदावर होतेच. ते अमलात यावेत म्हणून या दोघांच्या आयांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. ज्या व्यवस्थेत मुलांच्या माघारी आयांना नियम पाळा म्हणून सांगावे लागते, तिने समावेशनाची भाषा आम्हाला शिकवू नये.

मित्रांनो, संतापून स्टेटस टाकण्यापेक्षा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाका. आपल्या विद्यापीठाची बिंदुनामावली मागा. अनुशेष किती, तो कधीपासून, ते विचारा. 'योग्य उमेदवार नाही' म्हणून किती जागा रिक्त ठेवल्या आणि त्याची लेखी कारणे काय, ते मागा. भेदभावविरोधी अधिकारी कोण, त्याच्याकडे तक्रारी किती आल्या आणि पुढे काय झाले, हेही मागा. आलेली उत्तरे एकत्र करा, सिनेटमध्ये मांडा, आमदार-खासदारांच्या टेबलावर ठेवा. सोबत खाजगी विद्यापीठांसाठी कलम १५(५) खाली कायद्याची मागणी लावून धरा.

बाबासाहेबांनी आपल्याला वाटा मागायला शिकवले. माहितीपत्रकातल्या फोटोवर समाधान मानणे आपल्याला शोभत नाही.

जय भीम!