पाचवा गिअर कशाला हवाय?

हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर जुन्या गाड्यांचा विषय निघाला की अर्ध्या तासात दोन पार्ट्या पडतात. एक ‘ओरिजिनल’वाल्यांची. यांच्या मते क्लासिक गाडीचा एक नट जरी बदलला तरी पाप लागतं. दुसरी ‘बसतंय ना? मग बसव’वाल्यांची. यांनी कुणीतरी कुठल्यातरी गाडीत कुठलातरी गिअरबॉक्स घातल्याचा व्हिडिओ बघितलेला असतो, आणि हातात ग्राइंडर असला की जगात अशक्य काही नाही अशी त्यांची ठाम समजूत असते. माझं भांडण दोघांशीही आहे. स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स बदलावा की नाही हा श्रद्धेचा प्रश्न नाहीच मुळी. तो गुणाकाराचा प्रश्न आहे, आणि तो गुणाकार दोन्ही पार्ट्या करत नाहीत.

हवेत बोलण्यापेक्षा एक खरी गाडी घेऊ. डॅटसन २४० झेड. ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानमध्ये आलेली ही दोन सीटची गाडी. पुढे लांबलचक बॉनेट, त्याखाली एका ओळीत सहा सिलिंडर, २३९३ सीसी, १५१ हॉर्सपॉवर (त्या काळच्या ‘ग्रॉस’ मापाने, म्हणजे प्रत्यक्षात कमी). चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. अमेरिकेत सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर. तेवढ्या पैशात असं काही देणारं तेव्हा फारसं कुणी नव्हतं, त्यामुळे गाडी धडाधड खपली. आज त्या गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे आणि त्यांच्यात सगळ्यात जास्त होणारी अदलाबदल म्हणजे चार गिअरचा बॉक्स काढून पाच गिअरचा घालणं आणि मागचं डिफरन्शियल बदलणं.

आता ओरिजिनलवाल्यांना पहिला प्रश्न. ओरिजिनल म्हणजे कुठलं? अमेरिकेला जी २४० झेड गेली तिला चार गिअर आणि ३.३६ चं डिफरन्शियल होतं. इंग्लंडला जी गेली तिला पाच गिअर आणि ३.९० चं. गाडी तीच, इंजिन तेच, वर्षंही तीच. कुठल्या देशाला कुठली जोडी द्यायची हा कंपनीच्या टेबलावर झालेला निर्णय होता. नावाचंही तसंच. जपानमध्ये ही गाडी ‘फेअरलेडी झेड’ म्हणून विकली जायची. निसानचं अमेरिकेतलं काम बघणाऱ्या युताका कातायामांना ते नाव स्पोर्ट्स कारला शोभत नाही असं वाटलं, म्हणून तिकडे नुसतं ‘२४० झेड’. आणखी पुढे जाऊन सांगतो : सुरुवातीच्या गाड्यांत डिफरन्शियल जरा पुढे असल्यामुळे चाकांकडे जाणारे हाफ शाफ्ट तिरके बसायचे. १९७१ मध्ये कंपनीनेच ते ३५ मिलीमीटर मागे सरकवलं. त्याच सुमारास गिअरबॉक्सचं कवचही बदललं. मग सांगा, १९७० च्या गाडीत १९७२ चा गिअरबॉक्स बसवणारा माणूस पापी, आणि तेच फॅक्टरीत करणारी निसान पुण्यवान?

असो. आता दुसऱ्या पार्टीकडे वळू. यांचा मुद्दा सोपा असतो, ‘चारपेक्षा पाच जास्त.’ बघूया.

त्या गाडीचं टायर १४ इंची. एका फेऱ्यात गाडी अंदाजे १.९५ मीटर पुढे जाते असं धरू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १६६७ मीटर, म्हणजे चाकाचे साधारण ८५५ फेरे. अमेरिकन गाडीत चौथा गिअर सरळ १.०० आणि डिफरन्शियल ३.३६, म्हणून इंजिनाचे फेरे २८७५. आता १९७७ साली याच मालिकेतल्या २८० झेडला अमेरिकेत पाच गिअरचा बॉक्स मिळू लागला. तो २४० झेडच्या इंजिनाला बसतो. त्याचा पाचवा ०.८६४. समजा आपल्या मित्राने तो आणला, शिवाय ‘पिकअप पाहिजे’ म्हणून इंग्लंडसारखं ३.९० चं डिफरन्शियलही घातलं. गुणाकार करा : ०.८६४ गुणिले ३.९० म्हणजे ३.३७. ताशी १०० ला फेरे २८८०!

म्हणजे एवढा खर्च, पाठीवर झोपून केलेली एवढी मेहनत, आणि हायवेवर इंजिन जिथे ओरडत होतं तिथेच ओरडतंय. पाचवा गिअर म्हणजे जुना चौथाच, नाव बदलून आलेला. (अर्थात खालच्या गिअर्समध्ये फरक पडतो. पहिल्या गिअरचा एकूण रेशो ११.९४ वरून १२.९५ होतो, गाडी सिग्नलवरून चटकन निघते. तेवढंच हवं असेल तर गोष्ट वेगळी. पण मग तसं म्हणा, ‘ओव्हरड्राइव्ह टाकला’ म्हणून मिरवू नका.)

बरं, आता १९८१ ते १९८३ च्या टर्बो नसलेल्या २८० झेडएक्सचा बॉक्स घ्या. त्याचा पाचवा ०.७४५, पहिला ३.०६२. हा बॉक्स मूळच्या ३.३६ च्या डिफरन्शियलवर तसाच लावला, तर १०० ला फेरे २१४० च्या आसपास. वा! पण पहिल्या गिअरचा एकूण रेशो ११.९४ वरून १०.३० वर येतो. चढावर गाडी उचलायची म्हणजे क्लच घासत बसायचं. आणि पाचव्यात इतक्या कमी फेऱ्यांवर ते इंजिन जोर करत नाही, जरा चढ लागला की गिअर उतरवायचा. पाचवा गिअर नुसता शोभेला!

आता तोच बॉक्स ३.९० सोबत लावा. पहिला गिअर : ३.०६२ गुणिले ३.९० म्हणजे ११.९४. जुना पहिला ३.५४९ गुणिले ३.३६४, तोही ११.९४. दोन दशांश स्थळांपर्यंत तोच! आणि पाचव्यात १०० ला फेरे २४८५, म्हणजे आधीपेक्षा सुमारे चौदा टक्के कमी. सुरुवात होती तशीच राहिली आणि हायवे शांत झाला. झेडवाल्या मंडळींमध्ये ही जोडी का आवडते ते या दोन ओळींच्या गणितात आहे. गिअरबॉक्स एकटा चांगला किंवा वाईट नसतोच. लग्नासारखं आहे, मुलगा कसा आहे हे विचारून भागत नाही.

एक गंमत यात लपलेली आहे, ती मेकॅनिकलवाल्यांनी तरी सोडू नये. इंजिनाचे फेरे कमी झाले, पण प्रोपेलर शाफ्टचे वाढले. शाफ्ट किती फिरणार हे फक्त चाक आणि डिफरन्शियल ठरवतात. ३.३६ वर तो १०० ला २८७५ फिरत होता, ३.९० वर ३३३३ फिरतो. वर इंजिन शांत, खाली शाफ्ट जोरात. पन्नास वर्षांचे जुने युनिव्हर्सल जॉइंट आणि थोडा बॅलन्स गेलेला शाफ्ट आधी गप्प बसला होता, तो आता थरथरायला लागतो. मग लोक नव्या गिअरबॉक्सला शिव्या देतात. बिचाऱ्याचा काही संबंध नसतो!

स्पीडोमीटरचंही असंच. त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एका छोट्या प्लॅस्टिकच्या गिअरवर चालते आणि त्या गिअरचे दाते डिफरन्शियलच्या रेशोप्रमाणे ठरवलेले असतात. डिफरन्शियल ३.९० केलं आणि तो गिअर ३.३६ चाच ठेवला, तर खऱ्या १०० ला काटा ११६ दाखवणार. मित्रांना फोटो पाठवायला छान, बाकी निरुपयोगी.

पण या सगळ्यात खरा घात करणारा भाग कुठला सांगू? क्लचच्या रिलीज बेअरिंगची कॉलर. हाताच्या मुठीत मावणारा लोखंडी तुकडा. झेडच्या वेगवेगळ्या मॉडेल्सच्या प्रेशर प्लेटची उंची वेगवेगळी होती, आणि त्या प्रत्येक उंचीसाठी कॉलरची लांबी वेगळी. कॉलर ही गिअरबॉक्सची नसते, प्रेशर प्लेटची असते. हे न कळणारा माणूस नव्या गिअरबॉक्ससोबत आलेली कॉलर तशीच ठेवतो, क्लच मात्र जुना वापरतो. मग सगळं बसवून, ऑइल भरून, शाफ्ट जोडून पेडल दाबलं की क्लच सुटतच नाही. पुन्हा सगळं खाली. काही मिलीमीटरचा फरक, आणि अख्खा रविवार गेला. ‘बसतंय ना’ हा शब्द मला म्हणूनच आवडत नाही. बोल्ट बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

गिअर लिव्हरची कटकट त्यामानाने किरकोळ. सुरुवातीच्या गाड्यांत नंतरचा बॉक्स घातला की लिव्हर थोडा वेगळ्या जागी येतो आणि कन्सोलच्या भोकाच्या काठाला आपटतो. लोक लिव्हर वाकवतात. काही जण बॉडीचा पत्रा कापतात. इथे माझं मत स्पष्ट आहे. लिव्हर वाकवा, पत्रा कापू नका. वाकवलेला लिव्हर पन्नास वर्षांनी कुणीतरी बदलू शकतो, कापलेली गाडी मात्र कापलेलीच राहते.

हाच नियम मी डिफरन्शियललाही लावतो. मूळचं आर-१८०, म्हणजे क्राऊन व्हील १८० मिलीमीटरचं. नंतरच्या गाड्यांना आर-२००. ते दणकट आहे, पण जडही आहे, आणि ते बसवायला मागचा आडवा बार बदलावा लागतो. (त्या बारला तिकडे सरळ ‘मुस्टॅश बार’ म्हणतात. आकार बघितला की पटतं, झुपकेदार मिशीच!) इंजिन मूळचंच असेल तर माझ्या मते आर-१८० पुरेसं आहे. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआयचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियलही याच आर-१८० कुळातलं. शाफ्टच्या टोकांना खास तुकडे करून घेतले की ते या गाडीत चालतं. मला हा बदल सुंदर वाटतो, कारण त्यात गाडी कापावी लागत नाही. ज्यांना अमेरिकन व्ही-८ इंजिन घालायचंय त्यांनी आर-२०० खुशाल घालावं, त्यांची गोष्ट वेगळी आहे. टॉर्क दुप्पट झाला की सगळ्यात कच्ची कडी तुटणार, ती डिफरन्शियलच्या ऐवजी दुसरीकडे सरकेल एवढंच.

‘हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी : कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ११८ एनई आठवते का? आठवणार नाही, बाबांना विचारा. १९८५ च्या सुमारास आलेली. बॉडी फियाट १२४ च्या घराण्यातली, आणि आत निसानचं ११७१ सीसीचं ए-१२ इंजिन आणि निसानचाच गिअरबॉक्स. इटलीचा सांगाडा, जपानचे आतडे, मुंबईचा पत्ता! कंपनीने केलं की त्याला ‘नवीन मॉडेल’ म्हणतात, गॅरेजमध्ये केलं की ‘जुगाड’. फरक एवढाच असायला हवा की कंपनीने आधी गणित केलं होतं.

कायद्याकडेही एक नजर टाका. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल असेल तर ती त्यात बसत नाही. गिअरबॉक्सचं वेगळं नाव तिथे घेतलेलं नाही, पण ‘मूळ स्वरूप’ हा शब्द आहे. म्हणून परत जाता येईल असा बदल हा शहाणपणाचा. काढलेला चार गिअरचा बॉक्स, त्याची कॉलर, तो स्पीडोमीटरचा प्लॅस्टिक गिअर, सगळं ऑइल लावून एका पेटीत ठेवा आणि वर चिठ्ठी चिकटवा.

आणि ज्याची गाडी महिन्यातून एकदा सकाळी निघते, चार गिअर गुपचूप पडतात, सिंक्रो ठीक आहेत, त्याने काहीही करू नये. १०० ला ३९० फेरे वाचवण्यासाठी चांगला गिअरबॉक्स उतरवणं हा माझ्या मते हौसेचा खर्च आहे. हौस असावी, पण तिला इंजिनिअरिंग म्हणू नये.

शेवटी सर मंडळींना एक विनंती, रागावू नका. आपल्याकडे गिअर ट्रेनचा प्रश्न येतो तेव्हा दात्यांची संख्या दिलेली असते आणि रेशो काढायचा असतो. पाच मार्क, सगळ्यांना मिळतात. पण वर्कशॉपमध्ये बाहाची गाडी करायला बसलो की आधी स्वस्तात मिळालेला गिअरबॉक्स येतो, मग त्याला जुळणारं डिफरन्शियल शोधलं जातं आणि रेशो सगळ्यात शेवटी, रिपोर्ट लिहिताना काढला जातो. एखाद्या पेपरात उलटा प्रश्न विचारा ना. गाडीचं टायर द्या, इंजिन द्या, चार गिअरबॉक्स आणि तीन डिफरन्शियल द्या, आणि विचारा : यातली कुठली जोडी निवडाल, पहिल्या गिअरचं काय होईल, शाफ्ट किती फिरेल, आणि स्पीडोमीटर किती खोटं बोलेल? व्हायव्हात विचारलंत तरी चालेल. आमच्या मजल्यावर निदान चार जण उत्तर देऊ शकतील, आणि बाकीचे रात्री त्यांच्या खोलीत येऊन बसतील.